भिंत कोनती?

नव्व्याण्णव साल. परदेशी गिऱ्हाइकानं वेबसाईटचा पत्ता मागितला, म्हणून प्रशांतनं सुप्यातल्या आपल्या पंपांच्या कारखान्यात पुण्याचे दोन वेब डिझायनर बोलावले. दोघांनी टेबलावर रंगीत कागद पसरले, पण त्यातलं त्याला ओ की ठो कळेना. शेवटी गोड बोलणाऱ्याला त्यानं काम दिलं. तेवढ्यात वडील आले. कारखान्याचा बोर्ड त्यांनीच रंगवलेला. तालुक्यातल्या निम्म्या पाट्याही त्यांच्याच हातच्या. आता हात थरथरायचा, तरी ब्रश आणला होता. “नवा बोर्ड करतुयास म्हनं. भिंत कोनती? किती फुटाची?” डिझायनर गालात हसले. प्रशांतनं टेबलावरचे रंगीत कागद गोळा केले. “भिंत अजून ठरली न्हाई, अण्णा.” “मग घाई न्हाई.” वडिलांनी डब्यात रॉकेल ओतून ब्रश भिजत ठेवला. “ठरली की हाक मार. तवर ह्यो मऊ ऱ्हाईल.”