बारा कोटांची शाब्बासकी

शाब्बास म्हणायला दुकान चालवणाऱ्या लेकाचं काय जात होतं! खाली दुकानात गिऱ्हाईक नवा कोट चढवून आरशापुढे ‘वा!’ म्हणे. ती ‘वा’ लेक स्वतःच्या खिशात घाली, जिन्याच्या तीन पायऱ्या चढे आणि वर ओरडे, "शाब्बास गं!" पाठोपाठ पुढचा गठ्ठा येऊन पडे.

वरच्या खोलीत सून स्टुलावर बसून कोटांना बटणांची काजं करी. काजं हातानेच करायची, हा घरचा दंडक. खिडकीपुढे कापडाचे तागे रचलेले, म्हणून भर दुपारीही दिवा. लेकाची आई, म्हणजे तिच्या सासूबाई, शेजारी बसून बटणं लावत.

आज मशीनच्या खणात पत्र होतं. शिवणशाळेत शिकवायची नोकरी. सासूबाईंना अक्षर लागत नव्हतं, सुनेनेच वाचून दाखवलं. पाचपर्यंत हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला. चार वाजता तिने केस सारखे केले, पायात चपला सरकवल्या.

तेवढ्यात लेक आला. आज अख्खा जिना चढून. बारा कोट टेबलावर आदळले.

"शाब्बास! तुझ्यासारखं काज गावात कुणाला जमत नाही बघ. उद्या सकाळी हवेत हं."

सून हसली. ते हसू सासूबाईंच्या काळजात सुईसारखं गेलं. ह्याच स्टुलावर त्याही अशाच हसल्या होत्या. नवरा शाब्बास म्हणे आणि त्या अंगावर दागिना चढल्यासारख्या मिरवत. सख्ख्या भावाच्या लग्नालाही त्या शब्दापायी गेल्या नाहीत. आता गुडघे जिना उतरू देत नव्हते. आणि शब्द तरी कसला? धन्याला कधी कुणी शाब्बास म्हणतं? शाब्बासकी राबणाऱ्याच्याच पाठीवर पडते.

सुनेने चपला काढल्या. पत्र खणात परत गेलं.

सासूबाई उठल्या. खण ओढला, पत्र सुनेच्या हातात कोंबलं, पायाने चपला तिच्यापुढे सारल्या.

"नीघ."

"आई, पण कोट..."

"कोट पळून जात नाहीत. तू जा."

सून धडधडत जिना उतरली. लेक कोटांकडे वळला.

"आई, अगं आता हे बारा कोट कोण करणार?"

सासूबाईंनी सुईत दोरा ओवला आणि सुई त्याच्या हातात दिली.

"तू. बस त्या स्टुलावर. नीट केलेस तर शाब्बास म्हणेन मी. मग बघू, त्या एका शब्दावर तू किती वर्षं बसून राहतोस!"