करूरच्या वाळूतलं नाणं

रंजनीने गाडी बंद केली तरी व्यासराज उतरेनात. मांडीवर मासिक उघडं होतं आणि हातात भिंग. चेन्नईच्या एका टोकाच्या पेरुंगुडीहून दुसऱ्या टोकाच्या आवडीला येईपर्यंतच्या दीड तासात त्यांनी एकच फोटो पुन्हा पुन्हा पाहिला होता.

"अप्पा, घर आलं. तुकोजीमामा वाट बघत असतील."

"मी त्याला नक्की सांगू काय?"

"नाणं खोटं नव्हतं म्हणून सांगा. माझी चूक झाली म्हणा."

"पण नाणं खोटंच होतं गं," व्यासराज कळवळून म्हणाले. "आणि माझी चूकही झाली. दोन्ही खरं आहे. तेच कसं सांगायचं ते कळत नाही मला."

व्यासराज आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कॉलेजात इतिहास शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. चेन्नईत कुणाला रोमन नाणं सापडलं की तो त्यांचं दार ठोठावायचा. सोन्याच्या मोहरांचं त्यांना वेड नव्हतं. रोमचं साम्राज्य उतरणीला लागल्यावरची, करंगळीच्या नखाएवढी, झिजलेली तांब्याची नाणी त्यांना आवडत. करूरच्या नदीच्या वाळूत ती सापडतात. ऐन तारुण्यात ते आणि त्यांचा मित्र तुकोजी सुट्टी मिळाली की बस पकडून तिथे जायचे आणि वाळू चाळणाऱ्यांकडून नाणी घ्यायचे. तुकोजी आवडीच्या संरक्षण कारखान्यात ठसे कोरायचा. रोमन इतिहास त्याने वाचला नव्हता, पण नाणं बोटांत फिरवून तो जे सांगायचा ते सहसा चुकत नसे.

तेवीस वर्षांपूर्वी नाणेसंग्राहकांच्या सभेत तुकोजीने एक नाणं टेबलावर ठेवलं. चेहरा सम्राट थिओडोसियसचा होता. भोवतीची अक्षरं मात्र अक्षरंच नव्हती, नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. व्यासराजांनी भिंग लावलं आणि चाळीस माणसांसमोर निकाल दिला.

"हे आजकालचं काम आहे. रोमन अक्षरं न येणाऱ्या, पण ठसा कोरता येणाऱ्या माणसाचं."

सगळ्या माना तुकोजीकडे वळल्या.

कारखान्यात साहेबाला तोंडावर सुनावणारा हा माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. त्याने नाणं रुमालात बांधलं आणि तो निघून गेला. पुन्हा सभेला आला नाही. गप्प बसला म्हणजे कबूल झाला, असं व्यासराजांनी धरलं. इतकी वर्षं त्यांच्या मनात त्याबद्दल शंका नव्हती.

गेल्या आठवड्यात हे मासिक आलं. किनाऱ्यालगतच्या एका उत्खननात तोंड बंद असलेलं मडकं निघालं होतं. आत चौदा नाणी. त्यांवर थिओडोसियसचा तोच चेहरा, त्याच रेघा, तोच ठसा. रोमहून येणारी नाणी पुरेनाशी झाली, तेव्हा इथल्याच कुणीतरी त्यांची नक्कल केली होती. नक्कल खरी, पण दीड हजार वर्षांपूर्वीची.

तुकोजीच्या सुनेने, हेमावतीने, दार उघडलं. तुकोजी खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. नुकतंच ऑपरेशन झालेला गुडघा त्याने स्टुलावर ठेवला होता.

"ये व्यासू," तो म्हणाला, जणू गेल्याच रविवारी भेटला होता. "हेमा, कापी आण. त्याला साखर कमी."

व्यासराज गाडीत जुळवलेलं सगळं विसरले. त्यांनी मासिक पुढे केलं. तुकोजीने फोटो पाहिला, मान हलवली आणि मासिक परत दिलं.

"छान छापलंय," तो म्हणाला.

"अरे, तुझंच नाणं आहे हे! तुला काहीच वाटत नाही?"

"नवीन काही कळलं असतं तर वाटलं असतं."

व्यासराजांनी त्याचा चेहरा निरखला. राग नाही, आनंद नाही. आपण चुकीच्या घरात तर आलो नाही ना, असं क्षणभर त्यांना वाटलं.

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"अय्यो, ठसे कोरण्यात माझी चाळीस वर्षं गेली. नवं तांबं मला कळत नाही होय? तरी सभेच्या आधी आमच्या प्रयोगशाळेत तपासून घेतलं होतं. तांबं आतपर्यंत गंजलेलं. नाणं जुनंच, असा कागद दिला होता त्यांनी. त्या दिवशी खिशातच होता."

"खिशात होता?" व्यासराजांचा आवाज चढला. "मग काढला का नाहीस? मी तुला सगळ्यांसमोर खोटारडा ठरवलं, तुकोजी! आणि तू कागद घेऊन घरी गेलास? माझं तर डोकंच चालेनासं झालंय."

तुकोजीने कापीचा एक घोट घेतला. रंजनीकडे पाहिलं.

"सभेत पहिल्या रांगेत शरदचंद्र बसले होते," तो म्हणाला. "हिचे सासरे. तेव्हा अजून व्हायचे होते. त्यांनाही नाण्यांचा नाद. मुलीचा बाप किती विद्वान आहे ते बघायला येणार म्हणून सकाळी तूच मला फोन केलास. रविवारी लग्नाची बोलणी ठरली होती. त्यांच्यासमोर तुला चूक म्हणू?"

रंजनीने हातातला पेला खाली ठेवला.

"पण नंतर तरी सांगायचंस," व्यासराज कसेबसे म्हणाले. "आज नाही तर उद्या. तेवीस वर्षं?"

"सांगणारच होतो रे," तुकोजी म्हणाला. "लग्नात भेटलो की हळूच कानात सांगू म्हटलं. पण तू पत्रिकाच पाठवली नाहीस."