पिंपळाच्या फेऱ्या

"हिला औषध नको, रोज कोसभर चालू द्या," असं वैद्यबुवांनी सांगितलं. पण दारावरून आगगाडी जाऊ लागली होती, तरी कोपरीच्या खोतांची सून उगाच चालत सुटलेली गावाला खपली नसती. सासूबाईंनीच तोड काढली. "भागीरथी, पिंपळाला रोज एकशे आठ फेऱ्या घाल. कुणी विचारलंच तर मुलासाठी घालतेय म्हण."

वर्षभरात भागीरथीचा खोकला गेला, तिला दोन घास जास्त जाऊ लागले, पाट्यावर तासभर वाटूनही ती थकेना.

सासूबाई मात्र लेकाला म्हणाल्या, "दामाजी, एवढ्या फेऱ्या घातल्या, तरी पिंपळ काही हिला पावला नाही रे. आता दुसरी बघायला हवी."