धोतरातलं पिस्तूल

गोपिकाबाईंनी शिंपल्याच्या मुठीचं इवलंसं पिस्तूल तळहातावर घेतलं, बाजारात वांगं बघावं तसं उलटसुलट बघितलं आणि पोत्यावर परत ठेवलं.

"ह्ये न्हाई. तुमच्या धोतरात डाव्या अंगाला हाय ते दाखवा."

भालचंद्र मास्तरांचा हात आपसूक धोतराच्या डाव्या अंगाला गेला. ते पिस्तूल धोतरात खोचून ते गेले दोन महिने जालन्याच्या शाळेत अपूर्णांक शिकवत होते. एकाही पोराला संशय आला नव्हता. हेडमास्तरांना तर अपूर्णांकांचाही आला नव्हता.

"ते तुमच्या कामाचं नाही," मास्तर म्हणाले. "ते लाटण्याएवढं आहे."

लाटण्याचा दाखला त्यांनी उगाच दिला नव्हता. निजामाच्या पोलिसांची नजर चुकवून त्यांनी या जिनिंगच्या गोदामातून आजवर नऊ जणांना हत्यारं दिली होती, पण बाई ही पहिलीच. म्हणून त्यांनी शास्त्रशुद्ध तयारी केली होती. बायकोचं नऊवारी नेसून, कमरेला लाटणं खोचून ते दोन दिवस घरात वावरले होते. बसले, वाकले, पाणी शेंदलं. शरयूबाईंनी काही विचारलं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. शेवटी निष्कर्ष निघाला, की लाटण्याएवढं हत्यार नऊवारीत राहत नाही. लाटणं अजून विहिरीतच होतं.

प्रश्न मात्र गमतीचा नव्हता. अंबडच्या वाटेवर गोपिकाबाईंची धनगरवाडी होती. बाप्ये मेंढरं घेऊन लांब गोदाकाठी गेलेले. मागं बायका, पोरी आणि दोन म्हातारे. वाडीवर लुटारूंची टोळी दोनदा येऊन गेली होती. पहिल्यांदा जोंधळा नेला. दुसऱ्यांदा भांडी नेली, आणि जाताना सांगून गेली, येत्या सोमवारी पोरी नेऊ. आज शनिवार होता.

आणि जालना नि वाडी यांच्या मधे नाका होता.

नाक्यावर बाप्यांची झडती शिपाई घेत. बायकांना पूर्वी तसंच सोडत. पण पंधरा दिवसांपूर्वी तिथं झडतीला एक बाई आली आणि निजामाविरुद्धच्या साऱ्या चळवळीचं कंबरडं मोडलं. तिनं दह्याच्या मडक्यातून चाकू काढला. तान्ह्या बाळाच्या दुपट्यातून दुसरा चाकू काढला. बाळ जागंसुद्धा झालं नाही. चळवळीतल्या पुंजारामला मास्तरांनी लाल दोऱ्यात बांधून दिलेली सहा काडतुसं त्याच्या म्हाताऱ्या आईनं अंबाड्यात घातली होती, तीही गेली. कुणी म्हणे ती बाई सहा फूट आहे, कुणी म्हणे तिला मिशा आहेत. मास्तरांनी तिला पाहिलं नव्हतं. ती फक्त बायकांना तपासते हे माहीत असूनही ते आताशा नाक्याकडं फिरकत नव्हते.

"आधी दाखवा तरी," गोपिकाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी पाठ करून धोतरातून पिस्तूल काढलं. गोपिकाबाईंनी ते दोन्ही हातांत तोललं.

"ह्ये बराबर हाय."

"बाई, ऐका. त्या लहान पिस्तुलाला मी तुम्हाला वीस काडतुसं देतो. ह्याचं माझ्याकडं एकच उरलंय, ते आतच आहे. ह्याचीच सहा त्या राक्षसिणीनं—"

ठो.

पलीकडं जिनाची धडधड चालू होती, म्हणून आवाज बाहेर गेला नाही. समोर पुरुषभर उंचीची कापसाची गासडी होती. एवढ्या जवळून ती चुकवणं अवघड होतं. गोपिकाबाईंनी ती चुकवली. गोळी शेजारच्या गासडीत गेली.

"मेंढा ढुशी मारतो बगा, तसंच मारतं," त्या खूश होऊन म्हणाल्या. "वळखीचं हाय."

"पण नेम चुकला!"

"टोळी काय एकटी येती व्हय, मास्तर? शेजारचा बी टोळीतलाच असंल."

मास्तर गणिताचे होते. ह्या हिशेबात त्यांना चूक सापडेना. ते कपाळाला हात लावून बसले.

"आता ते बिलकुल रिकामं झालं. रिकामं पिस्तूल घेऊन सोमवारी काय करणार? आणि नाका? तिथं तुम्हाला ती धरणार!"

गोपिकाबाईंनी कमरेची चंची सोडली. पोत्यावर सुपारी काढली, अडकित्ता काढला, चुन्याची डबी काढली. मग सहा काडतुसं काढून सुपारीशेजारी ओळीनं मांडली. लाल दोरा तसाच होता.

मास्तरांनी दोरा बोटांत धरून बघितला. गाठ त्यांनी स्वतःच्या हातानं मारली होती. मग त्यांनी गोपिकाबाईंकडं बघितलं. उंची साडेचार फूट. मिशा नव्हत्या.

"आणि चाकू?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"कवाच वाडीवर गेले. सतरा हायेत. शिपाई मागं हुभा ऱ्हातो, मंग काढावंच लागतं. ते पदराआड घालते आन् जमादाराला जप्ती म्हनून तंबाखूच्या पुड्या दावते. त्यो बी खूश."

पुढं सोमवारी टोळी वाडीवर आली ती चालत, आणि गेली ती ज्या वेगानं, त्याच्या गोष्टी अंबड तालुक्यात पुष्कळ वर्षं चालल्या. टोळीतले दोघं तर म्हणे जोडे घ्यायलाही परत आले नाहीत. पण मास्तरांना जन्मभर आठवला तो शनिवारच. त्या शनिवारी गोपिकाबाईंनी लाटण्याएवढं पिस्तूल चक्क टोपलीत टाकलं, वर भाजी रचली आणि दारात थांबून वळून बघितलं.

"तेवढं पुंजारामच्या आईला सांगा, मास्तर, अंबाडा इतका घट्ट नका बांधू म्हनावं. सोडता सोडता माजं नख तुटलं."