त्यांना फिक्कं आवडत न्हाई

शिंजीर पक्षी परसात यावेत म्हणून रूथने जास्वंदीच्या फांदीला वारलेल्या वडिलांची स्टीलची बशी टांगली होती. एक चमचा साखर, चार चमचे पाणी. प्रमाण तिचं ठरलेलं. एक जांभळा, चकाकता नर रोज यायचा, पिण्याआधी काठावर चोच वाजवायचा. आज आई मूठभर साखर घेऊन बशीकडे निघाली. रूथने तिचा हात धरला. “अगं, जास्त गोड बाधतं.” “त्यांना फिक्कं आवडत न्हाई.” “पक्ष्यांना काय कळतंय, आई?” “पक्ष्यांचं कोन बोलतंय?” रूथने बशीकडे पाहिलं. वडील चहा मागताना याच बशीवर त्या पक्ष्यासारखंच नख वाजवायचे. शेवटच्या आठवड्यातही शुगर वाढेल म्हणून रूथने बिनसाखरेचाच चहा दिला होता. तो तसाच निवला. तेवढ्यात टकटक झाली. फांदीवर पक्षी नव्हता. बशी मात्र हलत होती. “आले बघ,” आई म्हणाली. रूथने तिचा हात सोडला.