खालची कडी

“आबा, मदत नको. चहा मीच करणार!” स्वयंपाकघराच्या बंद दाराआडून माझी चार वर्षांची नात ओरडली.

दाराला आतून कडी होती. तिचा हात पुरावा म्हणून मीच ती खाली लावून घेतली होती. सून नको म्हणत होती. “मुलांना आपलं आपण करू द्यावं,” मुलं वाढवण्याच्या पुस्तकातलं पान दाखवत मी चाचरत म्हणालो होतो.

फटीतून गॅसचा वास आला.

“बाळा, सगळं सोड. आधी कडी काढ.”

“तूच म्हणतोस ना, मधे बोलायचं नाही?”

मी दारावर खांदा आपटला. दार हललंसुद्धा नाही. आत लायटर खट्कन वाजला. मी डोळे मिटले. काहीच झालं नाही.

“पेटला नाही,” ती म्हणाली. “पण नाही जमलं की परत करून बघायचं. हो ना, आबा?”