सोमवारची वेळ

क्रिमेटोरियममधून फोन आला तेव्हा कारखानीस बायकोच्या, कुमुदच्या फोटोपुढच्या दिव्यात तेल घालत होते. राणीच्या अंत्ययात्रेसाठी सोमवारी देशभर सुट्टी जाहीर झाली होती. त्या दिवसाचे बाकीचे अंत्यविधी पुढे ढकललेत, तुमचा आता त्यानंतर दहा दिवसांनी, एकोणतीस तारखेला, असं पलीकडची बाई हळहळत म्हणाली.

“मंगळवारी माझं विमान आहे, बाबा,” सिडनीहून आलेला मुलगा म्हणाला. “रजा वाढवून मिळत नाहीये.”

लंडनमध्ये अग्नी द्यायचा म्हणजे भिंतीवरचं एक बटण दाबायचं. ते मुलानंच दाबावं, एवढं एकच कुमुदनं शेवटी मागितलं होतं.

सोमवारी बापलेक टीव्हीसमोर बसले. सत्तर वर्षं राज्य केलेल्या राणीला निरोप द्यायला अख्खं शहर रस्त्यावर आलं होतं. कुमुद शवागाराच्या कप्प्यात एकटी होती.

दुपार कलली तशी राणीची शवपेटी हळूहळू जमिनीखाली उतरू लागली. कारखानिसांनी रिमोट मुलाच्या हातात ठेवला.

“दाब,” ते म्हणाले. “हेच तिचं समज.”

मुलानं बटण दाबलं. पडदा काळा झाला, आणि त्या काचेत मागचा दिवा तेवढा जळताना दिसत राहिला.